पार्लमेंटचें दप्तर : काठीपासून पडद्यापर्यंत

कायदेमंडळांनीं कागद सोडावा, सभासदांपुढें विधेयकांच्या जाड चळती ठेवण्याऐवजीं एकेक टॅब्लेट ठेवावा, प्रश्नोत्तरें, दुरुस्त्या व मतदान हीं सर्व संगणकावरून चालवावीं आणि अशा रीतीनें झाडें, पाणी व पैसा हीं तिन्ही वांचवावीं, असा एक विचार गेल्या दहापंधरा वर्षांत जगभर बळावला आहे. आपल्याकडेहि तो येऊन पोंचला आहे. ही गोष्ट निघाली कीं सुशिक्षित घरांतून दोन प्रकारचे उद्गार ऐकूं येतात. तरुण मंडळी म्हणतात, 'इतका उशीर कां?' आणि वडील मंडळी म्हणतात, 'कागदावर नाहीं तें खरें कसें मानावयाचें?' आमच्या मतें हे दोन्ही प्रश्न रास्त आहेत; परंतु दोन्ही पक्षांचा एक समज मात्र चुकीचा आहे. तो हा कीं, असा प्रसंग आज प्रथमच येत आहे. इंग्लंडांत वेस्टमिन्स्टर येथें राज्यकारभाराची नोंद ठेवण्याचें साधन ह्यापूर्वीं अनेकदां बदललें आहे; आणि त्यांतील एका बदलाच्या पायीं तर पार्लमेंटचें राहतें घर जळून गेलें. ती हकीकत आम्ही वर्गांत सांगूं लागलों म्हणजे विद्यार्थी हंसतात. परंतु तिच्यांत हंसण्याहून अधिक कांहीं आहे असें आम्हांस वाटतें, म्हणून ती येथें मांडीत आहों.

ह्या कथेचा आरंभ लांकडाच्या काठीपासून होतो. बाराव्या शतकाच्या आरंभीं, पहिल्या हेन्री राजाच्या काळीं, राजाच्या खजिन्याचें खातें, म्हणजे एक्स्चेकर, जमा रकमेची खूण म्हणून काठ्या वापरूं लागलें. इंग्रजींत त्यांस टॅली म्हणत. बहुधा हेझल नांवाच्या झाडाची काठी घेऊन तिच्यावर रकमेप्रमाणें खाचा पाडीत. हजार पौंडांची खाच तळहाताच्या जाडीची, शंभरांची अंगठ्याच्या रुंदीची, विसांची करंगळीएवढी आणि एका पौंडाची जवाच्या टपोऱ्या दाण्याएवढी, असें मान ठरलेलें होतें. बाराव्या शतकाच्या उत्तरार्धांत रिचर्ड फिट्झनील ह्या राजाच्या खजिनदारानें आपल्या संवादरूप ग्रंथांत तें नमूद करून ठेविलें आहे. खाचा पाडून झाल्या म्हणजे काठी उभी चिरीत. दोन्ही तुकड्यांवर त्याच खाचा येत. ज्यानें पैसे भरले त्याच्या हातीं एक तुकडा जाई आणि दुसरा सरकारांत राही. पुढें तंटा पडला तर दोन तुकडे एकमेकांस लावून पाहावयाचे. खाच खाचेस व शीर शिरेस जुळली कीं हिशेब खरा.

ह्या साध्या युक्तींत मोठें शहाणपण सांठविलेलें होतें. राजा बलवान् आणि पैसे भरणारा निर्बळ असला, तरी राजाच्या कारकुनास आपल्या तुकड्यावर एखादी खाच गुपचूप वाढवून किंवा तासून भागत नसे. कारण दुसरा तुकडा त्याच्या हातीं नव्हता. ज्यास अक्षरओळख नाहीं अशा मनुष्यासहि आपली पावती बोटांनीं चाचपून पाहतां येई. हा दुसरा तुकडा वाचकांनीं लक्षांत ठेवावा. लेखाच्या शेवटीं त्याचें काम पडणार आहे.

कागद, शाई व छापखाना हीं सर्व येऊन शेंकडों वर्षें लोटलीं तरी एक्स्चेकरच्या काठ्या चालूच राहिल्या. १७८० नंतरच्या दशकांत पार्लमेंटानें त्या बंद करण्याचा कायदा केला. पण त्यांत एक दयाळूपणाची तरतूद होती. जुन्या मानकऱ्यांच्या जागा ते असेपर्यंत कायम ठेवावयाच्या होत्या. त्यामुळें शेवटचा मानकरी जाऊन काठ्या खरोखर बंद होण्यास १८२६ साल उजाडलें. तेव्हांपासून हिशेब सर्वस्वीं कागदावर आला आणि शतकानुशतकें सांठलेल्या काठ्यांचे ढीग वेस्टमिन्स्टरच्या जुन्या खोल्यांतून पडून राहिले.

१८३४ सालीं त्या खोल्या दुसऱ्या कामासाठीं हव्या झाल्या. काठ्यांचें काय करावें? सरपणास मोतद असलेले गरीब लोक जवळच राहत होते; परंतु सरकारी वस्तु अशी बाहेर द्यावयाची नाहीं, ती गुपचूप जाळून टाकावयाची, असें ठरलें. १६ ऑक्टोबर १८३४ रोजीं सकाळपासून लॉर्डांच्या सभागृहाखालील भट्ट्यांतून मजूर दोन गाड्या भरतील इतक्या काठ्या घालीत राहिले. वाळलेलें लांकूड तें. ज्वाळा धुरांड्यांतून वर चढल्या. दुपारीं सभागृह पाहावयास आलेल्या पाहुण्यांस धुरामुळें भिंतीवरचे चित्रपट नीट दिसेनात आणि फरशीची ऊब बुटांच्या तळव्यांतून जाणवूं लागली. तरीहि काम थांबलें नाहीं. सायंकाळीं आग बाहेर फुटली आणि सकाळपर्यंत दोन्ही सभागृहें भस्म झालीं. टर्नर ह्या प्रसिद्ध चित्रकारानें ही आग पाहिली व पुढें तिचीं चित्रें काढलीं. १८५५ सालीं डिकन्सनें एका व्याख्यानांत सरकारी दिरंगाईचा नमुना म्हणून हीच गोष्ट आपल्या नेहमींच्या विनोदानें रंगवून सांगितली, आणि गरिबांच्या चुलीस जें लांकूड मिळूं दिलें नाहीं त्यानेंच पार्लमेंट जाळलें, हें श्रोत्यांच्या मनावर बिंबविलें.

ह्या आगींत काय गेलें आणि काय वांचलें, हें पाहण्यासारखें आहे. कॉमन्स सभेचीं जुनीं कागदपत्रें बहुतेक सर्व गेलीं. तिच्या कामकाजाच्या रोजनिशीचे ग्रंथ तेवढे बचावले. देशाचा प्रमाणभूत गज व प्रमाणभूत पौंड, ज्यांवरून साऱ्या राज्याचीं मापें पडताळावयाचीं, तेहि निकामी झाले. उलट लॉर्डांचें दप्तर आणि १४९७ पासूनचे मूळ कायदे सुखरूप राहिले. ह्याचें कारण कोणाची दूरदृष्टि असें म्हणवत नाहीं. तें दप्तर मुख्य इमारतीपासून निराळ्या असलेल्या ज्युअल टॉवर ह्या चौदाव्या शतकांतील दगडी बुरुजांत ठेविलेलें होतें, एवढेंच. म्हणजे काठीवरून कागदावर जाणें ही चूक नव्हती; तो बदल तर फार आधींच व्हावयास हवा होता. चूक झाली ती जुन्याची विल्हेवाट लावण्याच्या घाईंत आणि सर्व महत्त्वाच्या वस्तु एका छपराखालीं ठेवण्याच्या आळसांत.

पार्लमेंट ह्या प्रसंगापासून कांहीं शिकलें असें पुढील इतिहास सांगतो. चार्ल्स बॅरीनें बांधलेल्या नव्या वाड्याच्या एका टोंकास दप्तरासाठीं म्हणून व्हिक्टोरिया टॉवर हा उंच मनोरा उभारला गेला व तो १८६० सालीं पुरा झाला. त्याच सुमारास, १८४९ पासून, कायदे लांबच लांब गुंडाळ्यांवर हातानें लिहिण्याची पद्धति सोडून ते वासराच्या कातड्यापासून केलेल्या चर्मपत्रावर छापण्यास आरंभ झाला. प्रत्येक कायद्याच्या अशा दोन प्रति निघत. एक पार्लमेंटांत राही, दुसरी सार्वजनिक दप्तरखान्यांत जाई. दोन ठिकाणीं दोन प्रति ठेवण्याच्या ह्या व्यवस्थेंत जुन्या काठीच्या दोन तुकड्यांची पुसट आठवण आम्हांस दिसते.

स्वच्छ हवापाण्याचा विषयहि ह्या वाड्यास नवा नाहीं. १८५८ च्या उन्हाळ्यांत लंडनचा सारा मैला वाहून नेणारी थेम्स नदी इतकी कुजली कीं, तिच्या काठीं बसणाऱ्या सभासदांस श्वास घेणें कठीण झालें. खिडक्यांचे पडदे चुन्याच्या क्लोराइडांत भिजवून पाहिले, उपयोग झाला नाहीं. गरीब वस्त्यांतून पटकीनें हजारों माणसें मेलीं तेव्हां जो प्रश्न वर्षानुवर्षें रेंगाळला होता, त्याचें विधेयक ह्या वेळीं अठरा दिवसांत संमत झालें आणि बॅझलगेटच्या भुयारी गटारांचें काम मार्गास लागलें. कायदेमंडळाच्या स्वतःच्या नाकाशीं संकट आलें म्हणजे तें किती त्वरेनें हलतें, ह्याचें दुसरें इतकें बोलकें उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

आतां चर्मपत्राच्या वादाकडे वळूं. कातड्याऐवजीं टिकाऊ कागद वापरावा असें लॉर्डांच्या सभेनें १९९९ सालीं सुचविलें, पण कॉमन्स सभेनें तें फेटाळलें. २०१६ च्या आरंभीं लॉर्डांच्या बाजूनें पुन्हां तोच निर्णय जाहीर झाला. वर्षाकांठीं सुमारें ऐंशी हजार पौंड वांचतील असा हिशेब दाखविण्यांत आला. त्यावर मोठें वादळ उठलें. न्यूपोर्ट पॅग्नेल ह्या गांवीं १८७० पासून चर्मपत्रें तयार करणाऱ्या विल्यम काउली ह्या जुन्या कारखान्याचें व त्यांतील कसबाचें काय होणार, असा प्रश्न निघाला. चर्मपत्राचे अभिमानी म्हणाले कीं, १०८६ ची डूम्सडे बहि आणि १२१५ चा मॅग्ना कार्टा आजहि वाचतां येतो तो कातड्यावर आहे म्हणूनच. शिवाय कातडें हें खाटीकखान्यांत उरणारीच वस्तु आहे. विरुद्ध बाजूचें म्हणणें असें कीं, राष्ट्राच्या कायद्यासाठीं वासराचें कातडें सोलणें ह्या युगास शोभत नाहीं, आणि चांगला कागदहि शतकें टिकतो. २० एप्रिल २०१६ रोजीं कॉमन्स सभेनें ११७ विरुद्ध ३८ मतांनीं चर्मपत्राच्या बाजूनें कौल दिला. पण २०१७ सालीं शेवटीं तडजोड झाली ती अशी, कीं कायद्याचीं आंतील पानें टिकाऊ कागदाचीं आणि वरचीं आवरणें तेवढीं चर्मपत्राचीं. ही तडजोड पाहून आम्हांस आपल्याकडील जुन्या घरांची आठवण होते. आंत विजेचे दिवे आले तरी देव्हाऱ्यांतील समई कोणी काढीत नाहीं. ह्या वादांतील एक विसंगति मात्र नमूद केली पाहिजे. धुराचें प्रमाण कमी करण्याचें बंधन सरकारवर घालणारा २००८ चा हवामानबदलाचा कायदा हाहि त्या काळच्या रिवाजाप्रमाणें वासराच्या कातड्यावरच छापला गेला होता.

कातडें कीं कागद हा वाद चालला असतांच पडदा सभागृहांत शिरला होता. ऑक्टोबर २०११ मध्यें कॉमन्स सभेनें हातांत मावणारीं यंत्रें, तीं आवाज करणार नाहींत ह्या अटीवर, सभागृहांत वापरण्यास मोकळीक दिली. तेथील सभापतींनीं नेमलेल्या एका समितीनें २०१५ च्या आरंभीं असा अहवाल दिला कीं, २०२० पर्यंत प्रत्येक नागरिकास पार्लमेंटशीं ह्या नव्या साधनानें संबंध ठेवतां यावा. १ मे २०१९ रोजीं सभेनें हवामानाच्या बाबतींत आणीबाणी असल्याचा ठराव केला. आणि मग २०२० सालीं महामारी आली. जें काम समित्यांच्या अहवालांनीं वर्षानुवर्षें झालें नसतें, तें तिनें कांहीं आठवड्यांत करविलें. एप्रिलमध्यें सभासद घरून पडद्यावर बोलूं लागले आणि १२ मे २०२० रोजीं कॉमन्स सभेनें आपल्या इतिहासांत प्रथमच दूरस्थ मतदान केलें. पण हा प्रयोग लगेच आवरण्यांत आला. २ जून रोजीं सभासद मत देण्यासाठीं अंतर राखून लांबच लांब रांगेंत उभे असलेले जगानें पाहिले. ती रांग वेस्टमिन्स्टर हॉलमधून जात होती. १८३४ च्या आगींतून वांचलेला, अकराव्या शतकांतील तोच हा दिवाणखाना. रांगेची थट्टा झाली, आणि ती होण्यासारखीहि होती. पण समोरासमोर बसल्याशिवाय मंत्र्यास खरा जाब विचारतां येत नाहीं, पडद्यावरच्या मंत्र्यास निसटणें सोपें जातें, हें त्या वेळच्या कित्येक सभासदांचें म्हणणेंहि टाकाऊ नव्हतें. कागद वांचविणें निराळें आणि समोरासमोरचा वाद वांचविणें निराळें. पहिलें साधतांना दुसरें गमावूं नये.

येथवर साधनाच्या सोयीचा विचार झाला. आतां त्याच्या आयुष्याचा विचार करूं. १९८६ सालीं डूम्सडे बहीस नऊशें वर्षें पुरीं झालीं म्हणून बी.बी.सी.नें एक नवी डूम्सडे बहि तयार केली. दहा लाखांवर लोकांनीं, त्यांत बहुतेक शाळांतील मुलांनीं, आपापल्या गांवाची माहिती लिहून पाठविली व ती त्या काळच्या अगदीं अद्ययावत् अशा लेझरच्या तबकड्यांवर उतरविण्यांत आली. पंधरा वर्षें गेलीं न गेलीं तों त्या तबकड्या वाचणारीं यंत्रें दुर्मिळ झालीं, आणि त्यांतील मजकूर सोडविण्यासाठीं विद्यापीठांतील संशोधकांस खटपट करावी लागली. नऊशें वर्षांपूर्वींची कातड्याची बहि मात्र तशीच उघडून वाचतां येत होती. आमच्या स्वतःच्या टेबलाच्या खणांत पंचवीस वर्षांपूर्वींच्या व्याख्यानांच्या टिपणांची एक चपटी फ्लॉपी तबकडी पडून आहे. तिच्यावर आमचेंच अक्षर चिकटविलेलें आहे. पण आंत काय आहे हें सांगणारें यंत्र आज घरांत नाहीं, आणि महाविद्यालयांतहि नाहीं. त्याच खणांतील आजोबांचें पोस्टकार्ड मात्र आम्ही केव्हांहि वाचूं शकतों.

कोणी म्हणेल, कागदहि कोठें वाचतां येतो? हा आक्षेप महाराष्ट्रास तर विशेष लागू आहे. पुण्याच्या पेशवे दप्तरांत मोडी कागदांचे रुमालच्या रुमाल सुरक्षित आहेत. रियासतकार सरदेसाई ह्यांनीं १९३० ते १९३४ च्या दरम्यान त्यांतील निवडक कागदांचे पंचेचाळीस भाग प्रसिद्ध केले, तेव्हां मोडी वाचणारीं माणसें घरोघर होतीं. पुढें मोडी शाळेंतून व व्यवहारांतून गेली. आज कागद शाबूत आहे, शाई शाबूत आहे, आणि वाचणारा शोधावा लागतो. तात्पर्य, दप्तर टिकणें म्हणजे नुसती वस्तु टिकणें नव्हे. तें वाचण्याची विद्या पिढीमागून पिढी चालूं राहिली पाहिजे. संगणकाच्या बाबतींत ही विद्या शंभर वर्षांनीं नव्हे, दहा वर्षांनींच पालटते, एवढाच फरक.

पर्यावरणाच्या हिशेबांतहि असाच भाबडेपणा टाळला पाहिजे. कागद गेला कीं झाडें वांचलीं, हें खरें. पण पडद्यावरची अक्षरें कांहीं हवेंत लटकलेलीं नसतात. तीं कोठें तरी मोठाल्या यंत्रघरांत ठेविलेलीं असतात. त्या यंत्रांस अहोरात्र वीज लागते आणि तापलेलीं यंत्रें थंड ठेवावयास पुन्हां वीज व पाणी लागतें. ती वीज कोळशाची असेल तर सभागृहांतला धूर गांवाबाहेर नेला, इतकेंच म्हणावयाचें. शिवाय टॅब्लेट चारसहा वर्षांत जुना होतो, आणि त्यांतील धातु व विषारी द्रव्यें हीं रद्दीवाल्यास वर्तमानपत्राप्रमाणें देतां येत नाहींत. ह्याचा अर्थ कागद बरा असा नव्हे. हजारों पानांचीं परिशिष्टें, जीं शंभरांतले नव्वद सभासद उघडूनहि पाहत नाहींत, तीं छापून वांटणें हा उधळेपणाच आहे. अर्थ इतकाच कीं, बचतीचा आंकडा सांगतांना खर्चाचा आंकडाहि शेजारीं लिहावा. १८३४ च्या कारभाऱ्यांनीं खोल्या रिकाम्या होण्याचा फायदा मोजला, भट्टीचा धोका मोजला नाहीं.

आपल्या देशांत हा बदल वेगानें होत आहे. हिमाचल प्रदेशच्या विधानसभेनें २०१४ सालीं कागदाविना कामकाज सुरू केलें. सर्व कायदेमंडळांसाठीं केंद्र सरकारनें राष्ट्रीय ई-विधान ह्या नांवाची योजना आंखली आणि तिच्याखालीं २०२२ सालीं नागालँडच्या विधानसभेंत प्रत्येक सभासदाच्या मेजावर टॅब्लेट आला. १ फेब्रुवारी २०२१ रोजीं अर्थमंत्र्यांनीं लोकसभेंत अर्थसंकल्प टॅब्लेटवरून वाचला. ह्याच देशाच्या संविधानाच्या प्रतींवर २४ जानेवारी १९५० रोजीं घटना समितीच्या सभासदांनीं सह्या केल्या. त्या प्रति तीन होत्या : एक इंग्रजी हस्तलिखित, एक हिंदी हस्तलिखित व एक छापील इंग्रजी. प्रेम बिहारी रायजादा ह्यांच्या सुंदर अक्षरांतील आणि नंदलाल बोस व त्यांचे विद्यार्थी ह्यांनीं सजविलेली ती प्रति संसदेच्या ग्रंथालयांत हवाबंद पेटींत जपून ठेविलेली आहे. हातानें लिहिलेली एक प्रति जपणारें राष्ट्र हजारों पानें पडद्यावर नेतें, ह्यांत आम्हांस विरोध दिसत नाहीं. मूळ वस्तु जपावी आणि रोजचा व्यवहार हलका करावा, हेंच शहाणपण आहे.

मात्र ह्या नव्या व्यवस्थेस आमची एक कसोटी आहे, आणि ती त्या हेझलच्या काठीनें शिकविलेली आहे. दुसरा तुकडा कोणाच्या हातीं आहे? कागदी अहवाल छापला गेला कीं त्याच्या प्रति गांवोगांवच्या ग्रंथालयांत जात. मंत्र्यानें आज काय म्हटलें हें उद्यां बदलावयाचें तर त्या सर्व प्रति गोळा करणें कोणासहि शक्य नसे. सभागृहाची नोंद जर एकाच यंत्रघरांत राहिली, आणि ती पाहण्याची व बदलण्याची किल्ली एकाच कचेरींत राहिली, तर काठीचे दोन्ही तुकडे राजाच्याच हातीं गेले असें होईल. मग खाच वाढली किंवा तासली गेली तर ती कोणी व कशी ओळखावी? म्हणून विधेयकें, भाषणें व मतांच्या याद्या ज्या रूपांत प्रसिद्ध होतात, त्याच रूपांत त्या विद्यापीठें, ग्रंथालयें, वर्तमानपत्रें व सामान्य नागरिक ह्यांस उतरवून घेतां आल्या पाहिजेत. त्या कोणा एका कंपनीच्या यंत्रावांचून वाचतां आल्या पाहिजेत. आणि केलेली दुरुस्ती लपून न राहतां तारखेसह दिसली पाहिजे. हें करण्यास झाड तोडावें लागत नाहीं कीं वासरूं मारावें लागत नाहीं. फक्त सत्ताधाऱ्यांनीं आपल्या हातांतील काठी मधोमध चिरण्यास तयार असलें पाहिजे.

आमच्या घरांतील तरुण मंडळींस आम्ही म्हणूं कीं, तुमची घाई योग्य आहे. काठ्या चाळीस वर्षें आधींच बंद व्हावयास हव्या होत्या. वडील मंडळींस म्हणूं कीं, तुमची शंकाहि योग्य आहे. पण तिचें उत्तर कागदांत नाहीं, प्रत आपल्या हातीं असण्यांत आहे. आणि दोघांसहि मिळून एक सुचवूं. आपल्या विधानसभेच्या व लोकसभेच्या कामकाजाचीं जीं पानें आज पडद्यावर मोफत मिळतात, त्यांतील आपल्या जिल्ह्याच्या प्रश्नांचीं चार पानें तरी वर्षाकांठीं उतरवून घरांत ठेवावीं आणि पुढच्या वर्षीं मंत्र्यांच्या उत्तराशीं लावून पाहावीं. खाच खाचेस जुळली तर आनंदच आहे. न जुळली तर निदान तें आपल्यास कळेल.